कालव्याकाठचे आठ दिवस

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या व्याख्यानमालेतील भाषण. बोललेले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)



कमिटीने मला 'युरोपचा प्रवास' या विषयावर बोला असं सांगितलं, तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले. आपल्या तिन्ही विंग मिळून युरोप पाहून आलेली पंचवीस-तीस घरं सहज निघतील. आयफेल टॉवर तुम्ही पाहिलाय, स्वित्झर्लंडच्या बर्फात साडी नेसून फोटो काढलेत. मी नवीन काय सांगणार? मी सेक्रेटरींना म्हटलं, आम्ही दोघं मागच्या मे महिन्यात जिथे गेलो होतो तिथे बघण्यासारखं फारसं नाही, आणि ऐकण्यासारखं तर त्याहून नाही. चालेल का? ते म्हणाले, वीस मिनिटांत बसवा.

तर, फ्रान्समध्ये पॅरिसच्या आग्नेयेला बर्गंडी नावाचा प्रांत आहे. फ्रेंच लोक बुर्गोन्य म्हणतात. आमची लेक तिथल्या दिजों शहरात नोकरीला आहे, त्यामुळे जाणं झालं. या बर्गंडीतून एक कालवा जातो, २४२ किलोमीटर लांबीचा. कालवा म्हटलं की आपल्याला शेतीचं पाणी आठवतं, खडकवासल्याचा कालवा आठवतो. हा शेतीसाठी खोदलेला नाही, बोटींसाठी खोदलेला आहे. एका बाजूला योन नदी. ती पुढे सेन नदीला मिळते आणि पॅरिसवरून वायव्येच्या समुद्राला जाते. दुसऱ्या बाजूला सोन नदी. ती रोनला मिळते आणि दक्षिणेला भूमध्य समुद्रात जाते. मधला डोंगराळ भाग ओलांडून या दोन नद्या जोडल्या की देशाच्या एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत माल बोटीने नेता येईल, असा विचार. अठराव्या शतकात काम सुरू झालं, मध्ये त्यांची राज्यक्रांती झाली, काम रखडलं, आणि १८३२ मध्ये कालवा पुरा झाला. आणि १८५१ मध्ये पॅरिस ते दिजों रेल्वे सुरू झाली! म्हणजे एवढा घाम गाळून बांधलेलं काम वीस वर्षांत जुनं झालं. रिडेव्हलपमेंटच्या चर्चा ऐकताना मला हल्ली त्या कालव्याची आठवण येते.

पण आमचा फायदा त्यातच झाला. त्या काळी बोटींना इंजिन नव्हतं. काठावरून घोडा चालायचा आणि दोराने बोट ओढायचा. घोडा परवडत नसेल तर माणसं ओढायची, बायकामुलंसुद्धा. म्हणून कालव्याच्या काठाला सलग एक वाट आहे. पाणी सपाट, म्हणून वाट सपाट. माल गेला रेल्वेने, नंतर ट्रकने, आणि वाट राहिली. ती आता सायकलवाल्यांना आणि चालणाऱ्यांना दिली आहे. अशा वाटांना तिथे व्वा व्हेर्त म्हणतात, म्हणजे हिरवी वाट. लेकीने पहिल्यांदा हा शब्द उच्चारला तेव्हा मला वाटलं ती नुसतीच 'व्वा!' म्हणतेय. अशी पहिली वाट याच बर्गंडीत, गिव्री ते क्लुनी या बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर, १९९७ मध्ये झाली. २००४ मध्ये त्यांच्या वाहतुकीच्या नियमांतच तिची व्याख्या घातली गेली: इंजिन नसलेली वाहनं, पायी जाणारे आणि घोडेस्वार यांच्यासाठी राखीव. आमच्या कालव्याकाठी काही तुकड्यांवर कालव्याच्या देखभालीची गाडी किंवा एखाद्या शेतकऱ्याची गाडी यायची, नाही असं नाही. पण दिवसाला दोन-तीन.

आता हे सगळं मी का सांगतेय, तर आमच्या ह्यांच्यामुळे. बी विंगवाल्यांना माहीतच आहे, ह्यांना ऐकू कमी येतं. आयुष्यभर प्रेस शॉपमध्ये काम केलं. पत्र्यावर प्रेस आदळते तो आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको. अशा आवाजाने आधी वरच्या पट्टीचं ऐकू येणं जातं. म्हणजे गाडीचा घर्रर्र ऐकू येतो, पण मिक्सरच्या आवाजात मी काय म्हणाले ते कळत नाही. 'साखर' की 'खाकर', असं होतं. कानाची मशीन घेतली, चांगली महाग घेतली. पण ती मशीन नुसतं माझं बोलणं मोठं करत नाहीत, भांडी, खुर्च्या, रिक्षा, शेजारची ड्रिल, सगळंच मोठं करतात. म्हणून ती ड्रॉवरमध्ये. आपल्या सर्वसाधारण सभेला मात्र हे मशीन लावून येतात आणि पार्किंगचा विषय निघाला की बंद करतात. तुमच्यापैकी काहींना हेवा वाटत असेल.

आणि दुसरी गोष्ट सायकल. लग्न झालं तेव्हापासून हे कारखान्यात सायकलने जात. कंपनीची बस सुरू झाली तरी सायकल सोडली नाही. आठ वर्षांपूर्वी एका चौकात मागून टेम्पो आला. त्याने हॉर्न दिला होता म्हणे, चांगला तीनदा दिला होता. आपल्याकडे हॉर्न दिला की जबाबदारी संपते, समोरच्याने ऐकायचं असतं. ह्यांना तो ऐकू आला नाही. खांद्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण सायकल पार्किंगच्या मागच्या भिंतीला टेकली ती टेकलीच. वॉचमन आठवड्याला विचारायचा, काका, ही भंगारात द्यायची का?

लेक फोनवर म्हणाली, आई, बाबांना इथे सायकल चालवू दे. मी म्हटलं, वेड लागलंय का? परक्या देशात, ऐकू न येणारा माणूस! ती म्हणाली, तिथे ऐकू यायची गरज नाही.

जाण्याआधी चार महिने मी तयारी केली. शाळेत असताना लेडीज सायकल चालवली होती, तेवढ्या भांडवलावर. पहाटे साडेपाचला पार्किंगमध्ये गोल गोल फिरणारी व्यक्ती कोण, अशी ग्रुपवर चौकशी झाली होती. ती मी.

मुलीने दिजोंमध्ये दोन सायकली भाड्याने घेऊन दिल्या. पुढे टोपली, मागे दोन्ही बाजूंना पिशव्या, सरळ बसायचं हँडल. मला शर्यतीच्या सायकलची भीती होती, ती गेली. मग त्या सायकली स्थानिक रेल्वेगाडीत चढवून आम्ही कालव्याच्या दुसऱ्या टोकाला, मिजेन या गावी गेलो आणि तिथून दिजोंकडे परत यायला निघालो. सुमारे २१० किलोमीटर, आठ दिवसांत. तरुण पोरं हे तीन दिवसांत करतात. आम्हाला तरुण पोरांशी काय करायचंय?

निघायच्या आधी एक गंमत झाली. फ्रान्समध्ये २०१५ पासून सायकल चालवताना कानात काही घालायला बंदी आहे, गाणी ऐकायची नाहीत, फोनवर बोलायचं नाही. हे मला कळलं आणि मी घाबरले, म्हटलं आता मशीनचं काय? लेकीने तो नियम शोधून काढला आणि आम्हाला मराठीत वाचून दाखवला. त्यात स्पष्ट लिहिलंय की कमी ऐकू येणाऱ्यांची उपकरणं यातून वगळली आहेत. हे म्हणाले, "म्हणजे कायदा लिहिणाऱ्याने माझा विचार केला होता." आणि ड्रॉवरमधली ती डबी पुण्याहून मी न विचारता आणली होती, ती मागून घेतली.

पहिल्या दिवशी मात्र मशीनचा उपयोग झाला नाही. सायकल जरा वेगात गेली की वारा मशीनमध्ये शिरतो आणि कानात भट्टी पेटल्यासारखा आवाज होतो. ह्यांनी वैतागून काढून ठेवली. आणि सवयीने दर दहा सेकंदाला मागे वळून बघत होते. मागे मी, माझ्यामागे कोणी नाही. उजवीकडे पाणी, डावीकडे गहू. पुण्यात मागे बघितलं की सायकल वळते, तशी तिथेही वळत होती, आणि मला धडकी, की आता हे कालव्यात जाणार. दुपारपर्यंत असं चाललं. मग मागे बघणं हळूहळू कमी झालं. कधी थांबलं ते मला सांगता येणार नाही. एकदम लक्षात आलं की बराच वेळ मला ह्यांची फक्त पाठ दिसतेय.

एकदाच फजिती झाली. मागून चार-पाच सायकलवाले आले, साठी-सत्तरीचेच, फ्रेंच. त्यांनी घंटी वाजवली. तिथे सायकलला घंटी सक्तीची आहे. मी बाजूला झाले, हे वाटेच्या मधोमध. त्यांनी पुन्हा वाजवली. मी ओरडले, त्याचाही उपयोग नाही. मी मागे वळून कानाला हात लावून खूण केली. तर ते सगळे वेग कमी करून आमच्या मागून शांतपणे येत राहिले. पुढे वाट रुंद झाली तेव्हा कडेने, लांबून गेले आणि प्रत्येकाने ह्यांच्याकडे तोंड करून 'बोंजूर' म्हटलं. हा बोंजूर फार सोयीचा शब्द आहे. वाटेत भेटणारा प्रत्येक माणूस तोच एक शब्द म्हणतो. ऐकू आलं नाही तरी ओठ हलले की कळतं काय म्हणाला. ह्यांनी आठ दिवसांत शेकडो लोकांना बोंजूर म्हटलं असेल, एकदाही चुकलं नाही.

हॉर्नचंही सांगते. तिथला नियम असा की गावात हॉर्न फक्त तातडीचा धोका असेल तरच वाजवायचा. सायकलला ओलांडताना गाडीने गावात एक मीटर आणि गावाबाहेर दीड मीटर अंतर ठेवायचं. नियम आपल्याकडेही पुष्कळ असतात, त्यामुळे मी फार भारावून जात नाही. पण जिथे कालवा सोडून साध्या रस्त्याने जावं लागलं तिथे गाड्या खरंच आमच्या मागे हळू होऊन थांबल्या. समोरून कोणी येत नाही असं बघितल्यावर पलीकडच्या बाजूने गेल्या. एकही वाजली नाही.

दुसऱ्या दिवशी तोनेर नावाचं गाव लागलं. तिथे एक झरा आहे, फॉस दिओन. जमिनीतून निळंहिरवं पाणी वर येतं आणि त्याभोवती गोल दगडी धोबीघाट बांधला आहे, वर कौलारू छप्पर. पूर्वी गावातल्या बायका तिथे कपडे धूत. तिथे बसून आम्ही पोळीचा लाडू खाल्ला. पोळी म्हणजे त्यांचा पाव, पण लाडू करण्याइतका शिळा झाला होता. कारण दुकानं! दुपारी बारा ते दोन सगळं बंद. सोमवारी बंद. मे महिन्यात सुट्ट्याही भरपूर: १ मे आहे, ८ मेला दुसरं महायुद्ध संपल्याची सुट्टी आहे, मग एखादा सण. आपल्याकडे पुणेकरांच्या दुपारच्या झोपेवर विनोद करतात त्यांनी एकदा फ्रान्सच्या खेड्यात पाव शोधावा. शाकाहारी माणसाने पाव, चीज, टोमॅटो, सफरचंद दिसेल तेव्हा घेऊन ठेवायचं. आणि घरून नेलेला चिवडा शेवटपर्यंत पुरवायचा.

पाणी मात्र कुठेही मिळतं आणि कुठे ते सांगितलं तर तुम्ही हसाल. दफनभूमीत. प्रत्येक खेड्याच्या कडेला दफनभूमी असते, फुलझाडांना पाणी घालायला तिथे नळ असतो, आणि पिण्यालायक नसेल तर तशी पाटी असते. पहिल्यांदा बाटली भरताना मला कसंसंच झालं. तिसऱ्या दिवशी मी लांबून क्रूस दिसला की म्हणायची, चला, पाणी आलं.

आता मला लॉकविषयी सांगायचंय, कारण ह्यांचा जीव त्यातच अडकला. कालवा डोंगराळ भागातून जातो, पण पाणी काही चढ चढत नाही. म्हणून पाण्याचा जिना केलेला असतो. दगडी हौद, दोन्ही टोकांना दारं. बोट खालच्या बाजूने हौदात येते, मागचं दार बंद, मग वरच्या दाराची झडप हाताने चाक फिरवून उघडायची. पाणी भरतं, बोट आपोआप वर उचलली जाते. पुरुषभर, काही ठिकाणी त्याहून जास्त. मग वरचं दार उघडायचं आणि बोट पुढे. दारं बंद झाली की सरळ रेषेत नसतात, वरच्या पाण्याच्या दिशेला टोक काढून मिळतात, आपण नमस्कार करताना हात जोडतो तशी. पाण्याचा जोर जितका जास्त तितकी घट्ट बसतात. या कालव्यावर अशी १८९ लॉक आहेत. प्रत्येकाला नंबर, आणि प्रत्येकाशेजारी लॉकवाल्याचं दगडी घर. भिंतीवर पाटी, की पुढचं लॉक इतक्या मीटरवर, मागचं इतक्या मीटरवर. बऱ्याच घरांत आता कोणी राहत नाही. काही घरांत चहा-कॉफी मिळते. पण लॉक चालू आहेत, आणि हौशी लोकांच्या बोटी येतात तेव्हा कालव्याचा कर्मचारी येऊन दारं उघडून देतो.

आमचे हे टूल रूमपासून प्रेस शॉपपर्यंत सगळं केलेला माणूस. पहिल्याच लॉकवर उतरले आणि अर्धा तास त्या दाताळ्याच्या पट्टीकडे आणि चाकाकडे बघत उभे राहिले. मग मशीन कानात घातलं. वारा नव्हता, गाडी नव्हती, ड्रिल नव्हती. आणि मला समजावून सांगायला लागले. ग्रीस कुठे लागतं, लाकूड का वापरलंय, दार झिजलं तर आधी कुठे गळेल. मी प्रश्न विचारला. त्यांनी उत्तर दिलं. मी पुन्हा विचारला, पुन्हा दिलं. मंडळी, हे तुम्हाला अगदी साधं वाटेल. आमच्या घरात कित्येक वर्षं प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये एक 'ऑं?' असायचा. तो 'ऑं' नव्हता.

तेव्हापासून आमचं ठरूनच गेलं. सायकलवर असताना बोलायचं नाही, लॉक आलं की उतरायचं, मशीन घालायचं, बोलायचं. सायकल चालवताना मी ऐकलेलं मनात साठवून ठेवायची. मे महिन्यात तिथे नाइटिंगेल गातो, दिवसासुद्धा, झुडपात बसून. तो मी ऐकला, ह्यांना नाही. त्याचा आवाज बारीक, ह्यांच्या हातून निसटणाऱ्या पट्टीतला. मी लॉकवर सांगायची, आत्ता येताना गात होता. हे म्हणायचे, बरं. पण चौथ्या दिवशी सकाळी हेच एकदम ब्रेक लावून थांबले. कानात मशीन नव्हतं. बोट वर करून म्हणाले, "ऐक." कालव्यापलीकडच्या रानातून कुकू ओरडत होता, घड्याळातून बाहेर येतो तो, दोनच स्वर, पण खालच्या पट्टीतले, गोल. ह्यांना ऐकू आला आणि मला नंतर. 'ऐक' हा शब्द ह्यांनी मला म्हटल्याला किती वर्षं झाली होती मला आठवेना.

त्याच दिवशी आम्ही मोंबार गावाहून कालवा सोडून फोंतनेचा मठ बघायला गेलो, पाच-सहा किलोमीटर, रानातल्या रस्त्याने. १११८ मध्ये स्थापन झालेला मठ आहे, युनेस्कोच्या यादीत १९८१ पासून. ते साधू मौन पाळत, गरजेपुरतं खुणांनी बोलत. चर्चमध्ये ना मूर्तींची गर्दी, ना रंग. नुसता दगड आणि उजेड. मला वाटलं होतं ह्यांना चर्च आवडेल. हे तिथे पाच मिनिटं थांबले आणि आवाराच्या टोकाला एक लांबलचक दगडी इमारत आहे तिकडे गेले. ती त्या मौनी साधूंची लोहारशाळा! ओढ्याचं पाणी चाकावर सोडून त्या चाकाने भला मोठा घण उचलायचा आणि लोखंडावर आदळायचा. तसा घण आता पुन्हा बनवून तिथे बसवला आहे. आम्ही गेलो तेव्हा तो बंद होता. हे त्याच्यासमोर बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "ह्यांचेही कान गेले असणार."

दुसऱ्या दिवशी व्हेनारेच्या पुढे लॉकमागून लॉक लागतात. एका लॉकवरून पुढचं दिसतं, इतकी जवळजवळ. अशाच एका लॉकवर आम्ही डबा उघडून बसलो होतो. हे म्हणाले, "मला अठ्ठ्याण्णव सालापासून माहीत होतं."

मी विचारलं, काय?

"ऐकू येत नाही ते."

मग सांगितलं. कारखान्यात वर्षातून एकदा कानांची तपासणी व्हायची. काचेच्या केबिनमध्ये बसवायचे, कानाला हेडफोन, बारीक आवाज आला की हात वर करायचा. ह्यांना बारीक आवाज येत नव्हते. पण काचेपलीकडे तपासणाऱ्या माणसाचा खांदा दिसायचा. तो बटण दाबताना किंचित हलायचा. खांदा हलला की हे हात वर करायचे. दर वर्षी पास. नापास झाले असते तर प्रेस शॉपमधून स्टोअरला बदली झाली असती. तिथे आवाज नव्हता. ओव्हरटाइमही नव्हता. कानात घालायला कारखान्याने बोळे दिले होते. ते घातले की डाय सरकल्याचा आवाज कळत नाही आणि माल बाद होतो, म्हणून तेही काढून ठेवायचे.

अठ्ठ्याण्णव साल म्हणजे आपल्यातल्या जुन्या सभासदांना सांगायला नको. आपलं बुकिंग झालं होतं, प्लिंथपर्यंत काम आलं होतं, आणि बिल्डरने हप्त्यांचं पत्र पाठवलं होतं.

मी घरचा हिशेब ठेवणारी बाई आहे. आमच्या फ्लॅटचा प्रत्येक हप्ता कुठून आला ते मला आजही पाठ आहे. पीएफचं कर्ज, माझ्या चार बांगड्या, सासूबाईंनी दिलेले, आणि ओव्हरटाइम. वहीत तो रकाना आहे, माझ्या अक्षरात. त्या रकान्यात काय लिहिलं होतं ते मला पंचवीस वर्षांनी, फ्रान्समधल्या एका लॉकवर कळलं. मधल्या काळात मी ह्यांना काय काय बोलले असेन! तुमचं लक्षच नसतं. मुद्दाम करता. टीव्ही एवढा मोठा कशाला? मी म्हटलं, तेव्हाच का नाही सांगितलंत? हे म्हणाले, "सांगितलं असतं तर तू बुकिंग रद्द केलं असतंस." खरं आहे. केलं असतं.

तेवढ्यात खालून एक बोट आली. वयस्कर जोडपं होतं, बाईंनी दोर आमच्याकडे फेकला. हे उठले आणि दोर खुंट्याला गुंडाळून धरला. पाणी भरायला दहा-बारा मिनिटं लागली असतील. बोट वर आली, त्यांनी हात केला, गेले. आम्ही उरलेला चिवडा खाल्ला.

पुढचं थोडक्यात सांगते, वेळ झाली आहे. पुयी गावाजवळ कालवा सर्वांत उंच जागी पोचतो, समुद्रसपाटीपासून ३७८ मीटर. म्हणजे मिजेनहून सुमारे तीनशे मीटर चढ, पण तो दीडशे किलोमीटरवर पसरलेला, त्यामुळे गुडघ्यांना पत्ता लागत नाही. तिथे कालवा डोंगराच्या पोटात शिरतो, ३ किलोमीटरहून लांब बोगदा आहे. आत काठाला वाटच नाही. पूर्वी साखळी धरून चालणारी एक बोट बाकीच्या बोटींना ओढून न्यायची. ती बोट तिथे ठेवली आहे आणि तिच्यावर शिगेरू बान नावाच्या जपानी वास्तुविशारदाने पुठ्ठ्याच्या नळ्यांचं छप्पर केलंय. पुठ्ठ्याचं! आपल्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर इतके ठराव झालेत, म्हणून सांगितलं. सायकलवाले बोगद्याच्या डोक्यावरून झाडांच्या रांगेतून जातात. पलीकडे व्हांदनेस गाव, वर टेकडीवर शातोनफचा किल्ला. मग उश नदीच्या खोऱ्यातून उतरत उतरत दिजों.

शांतता सगळीकडे सारखी नव्हती हेही सांगायला हवं. कालव्याला लागून बराच अंतर रेल्वे आहे, गाडी गेली की जमीन हादरते. पुयीला मोठा हमरस्ता आडवा येतो. शेवटच्या दिवशी तर दिजोंच्या बाजूला खोऱ्यातून दुसरा एक हमरस्ता सोबत चालू लागला. दिसत नव्हता, झाडी होती, पण सारखा सूंऽऽ असा आवाज. शेवटच्या लॉकवर बसलो तेव्हा ह्यांनी मशीन घातलं, थोडं ऐकलं आणि काढून डबीत ठेवलं. मी काहीतरी सांगत होते. हे म्हणाले, "ऑं?" आम्ही दोघंही हसलो. शहर आलं होतं.

कोणाला जायचं असेल तर मे-जून किंवा सप्टेंबर बरा. राहायला गावोगावी घरगुती खोल्या मिळतात. दारावर 'आक्य व्हेलो' अशी हिरवी पाटी बघायची, म्हणजे सायकल ठेवायला कुलपाची जागा आणि दुरुस्तीची अवजारं असतात. वाट काही ठिकाणी डांबरी आहे, काही ठिकाणी दाबलेली खडी, पाऊस झाला की मातीचे तुकडे घसरडे होतात. दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर आमच्या वयाला पुरे. फ्लाविन्यी गावच्या गोळ्या आणल्यात, मध्ये बडीशेपेसारखा दाणा आणि वर साखरेचं कवच, तिथल्या टेबलावर ठेवल्या आहेत. एकेकच घ्या, मुलांनी दोन.

इथे आल्यावर मशीन दिवसा ड्रॉवरमध्येच असतं. पण पहाटे साडेपाच ते साडेसहा आम्ही पार्किंगमध्ये असतो. सायकलला नवीन टायर टाकले. वॉचमनला सांगितलंय, भंगारात द्यायची नाही.

कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा. लॉकबद्दल विचारायचं असेल तर ह्यांना विचारा, मला त्यातलं अर्धंच कळलंय. फक्त पंखा जरा बंद करा, समोर येऊन उभे राहा, आणि एका वेळी एकानेच बोला.